जादा पगार

क्वीन्सलंडमधल्या टोमॅटोच्या पॅकिंग शेडमध्ये काम करणाऱ्या लोसाली मावशीला चुकून वर्षभर जादा पगार मिळत गेला. तिला वाटलं, पगारच वाढला. त्या पैशांतून तिने मायदेशी, टोंगा बेटांवरच्या भावाच्या घरावर नवे पत्रेही घातले. आता मालकाचा मुलगा ग्लेन पैसे परत मागायला आला, तो मान खाली घालूनच.

“चूक आमचीच आहे मावशी, पण वसूल तर करावे लागतील. आठवड्याला पन्नास डॉलर कापू?”

“दहाच काप रे.”

“दहाने फिटायला पाच वर्षं लागतील.”

“लागू देत की,” मावशी खुशीत म्हणाली. “या हंगामानंतर माझ्यासारख्या साठीच्या बायकांना घरी बसवणार होतात ना? आता पाच वर्षं मला कसा काढशील?”

ग्लेनला हसू आवरेना. त्याने कागदावर दहाच लिहिले.