चार्जिंगचं तोंड कोणत्या बाजूला?

कल्पना करा, तुम्ही भर दुपारच्या उन्हातून एकदम घरात आलात. डोळ्यांपुढे अंधारी आलेली. उंबरा ओलांडताना पायात काहीतरी अडकतं आणि तुम्ही पालथे पडता. उठून बघता, तर पायाला चार्जरची वायर गुंडाळलेली आणि शेजारी फरशीवर नातीचा लॅपटॉप.

फौजेतून निवृत्त झालेल्या नानासो हवालदारांचं असंच झालं. लॅपटॉप थोरल्या नातीचा, क्रांतीचा. चार्जिंगचं तोंड आतल्या आत मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या कंपनीची मुलाखत तिला मैत्रिणीच्या मोबाईलवरून द्यावी लागली. बोलणं मध्येच दोनदा तुटलं. नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली.

ते कळलं त्या संध्याकाळी नानासो टोपी घालून सगळ्या घरासमोर सावधान उभे राहिले. फौजेत चुकलेल्या जवानाला साहेबापुढं उभं करतात, त्याला पेशी म्हणतात. नानासोंनी स्वतःचीच पेशी लावली होती.

"गुन्हा कबूल हाय," ते म्हणाले. "शिक्षा सांगा."

"आवं आजोबा, बसा की खाली," क्रांती म्हणाली. "गुडघा बघा केवढा सुजलाय. नोकरी काय, दुसरी मिळंल."

"लॅपटॉप आदळल्याचा आवाजबी आला न्हाई मला. डोळं गेलं, आता कानबी गेलं. घरात माझी मदत न्हाई, अडचणच हाय."

शिक्षा कुणी सांगेना, तेव्हा त्यांनीच ती ठरवली. येत्या रविवारी आटपाडीला लेकीकडं जायचं, ते कायमचं. लोखंडी ट्रंक माळ्यावरून खाली आली.

धाकटी नात पल्लवी सहावीत होती. वाचायला तिला आजोबांनीच शिकवलं होतं, सायकलही त्यांनीच. लॅपटॉप पडला त्या दिवसापासून तिला घास जाईना. ट्रंकेत एकेक कपडा जायचा आणि ती भिंतीला टेकून बघत राहायची.

"आजोबा, नका जाऊ."

"हुकूम म्हंजी हुकूम, पोरी."

"पण हुकूम तुमीच दिलाय की!"

"म्हणून तर मोडता येत न्हाई."

पल्लवी ट्रंकेपाशी येऊन बसली. मग म्हणाली, "चूक तुमची न्हाईच. लॅपटॉप बनवणाऱ्यांची हाय. शनिवारी विट्याच्या विज्ञान प्रदर्शनात मी सगळ्यांसमोर दाखवते. मग तरी ऱ्हाशीला?"

"दाखव आधी. मग बघू," नानासो म्हणाले. आशेनं नाही, तिचं मन मोडू नये म्हणून.

तीन दिवस ती पुठ्ठा कापत बसली. आई म्हणाली, "अगं, पुठ्ठ्याच्या लॅपटॉपवर कंपनी नोकरी देणार हाय व्हय?" पल्लवी हसली नाही.

शनिवारी नानासो लंगडत विट्याला आले, बरोबर क्रांती होती. परीक्षक बाई सांगलीहून आल्या होत्या. पल्लवीच्या टेबलापाशी त्या थांबल्या.

"बोल बाळ. काय केलंयस?"

"लॅपटॉपला वायरी लावायची सगळी भोकं एकाच बाजूला नसावीत," पल्लवीनं सुरुवात केली. "उजवीकडं माऊस असतो. तिथं पेनड्राइव्ह बाहेर आला की हात आपटतो. डावखुऱ्यांचं उलट होतं. मागं दिली तर दिसत नाहीत, चाचपडावं लागतं. म्हणून थोडी इकडं, थोडी तिकडं द्यावीत. चार्जिंगचं तोंड मात्र दोन्ही बाजूंना हवंच. भिंतीवरचा बोर्ड ज्या बाजूला, त्या बाजूनं वायर लावायची. म्हणजे ती आडवी येत नाही."

"आणि तरी पाय अडकला तर?"

"वायरीच्या टोकाला लोहचुंबक लावलंय. ओढा ना."

बाईंनी वायरीला हिसडा दिला. वायर टचकन सुटून हातात आली. पुठ्ठ्याचा लॅपटॉप जागचा हलला नाही. बघणाऱ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"हे सुचलं कसं तुला?"

"माझ्या आजोबांचा पाय अडकला होता. ते तेव्हापासून स्वतःला दोष देतायत. पण चूक त्यांची नाही."

नानासोंनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. मग क्रांतीला हळूच म्हणाले, "पोरीनं जामीन दिला गं मला. ट्रंक उपसाय पायजे आता."

"घरी गेल्या गेल्या उपसू," क्रांती म्हणाली आणि तिनं त्यांचा हात धरला.

बाई अजून तिथंच होत्या. त्यांनी पल्लवीच्या हातात पेन्सिल दिली. "तुमची खोली काढून दाखव बरं. टेबल कुठं, बोर्ड कुठं, दार कुठं."

पल्लवीनं काढलं. खिडकीखाली टेबल. टेबलाच्या मागच्याच भिंतीवर बोर्ड. दार पार समोर.

बाईंनी कागद निरखून पाहिला. "बोर्ड तर टेबलाला लागूनच आहे. तोंड कुठल्याही बाजूला असलं तरी वायर मागच्या मागेच राहील. मग ती दारात कशी आली?"

पल्लवी पेन्सिलीनं कागदावरचं दार परत परत गिरवत राहिली.

"आवं बाई, आमच्या घरात वायरीलाबी पाय फुटत्यात," नानासो हसून म्हणाले. पंधरवड्यात ते पहिल्यांदाच हसले होते.

बाईही हसल्या. "असू दे. विचार पक्का आहे हिचा." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पहिल्या क्रमांकाची फीत पुठ्ठ्याला लावली.

पोरं पुढच्या टेबलाकडं पळाली. नानासोंनी पल्लवीच्या डोक्यावर हात ठेवला. "चल बाय माझी. घरी जाऊ. मी कुठं जात न्हाई आता."

पल्लवीनं फीत काढून टेबलावर ठेवली.

"आजोबा," ती म्हणाली, "तुमी यायच्या आधीच लॅपटॉप माझ्या हातनं पडला होता. तुमची पायताणं वाजली, तवा वायर मी दारात ओढली."