घरचा आवाज

दवाखान्यातल्या काचेच्या खोलीत बसवून कान तपासणाऱ्या दीक्षाने भगवंतच्या कानांवर हेडफोन चढवले आणि बाहेर येऊन माइकसमोर बसली. "काका, मी एकेक शब्द बोलीन. जसा ऐकू येईल तसा म्हणायचा."

भगवंतने डोळे बारीक केले. "आँ?"

"जोरानं बोला, मॅडम," शेजारी उभी असलेली शकुन म्हणाली. "चार महिने झाले, भिंतीसंग बोलल्यावानी बोलतो मी यायच्याशी."

बायकोचं बोलणंही भगवंतला हेडफोनमधून स्वच्छ ऐकू आलं. बहिरेपणाचं सोंग त्याने घेतलं होतं ते मनोजसाठी. मनोज हिवरखेडहून त्यांच्या शेतातली शेवंतीची फुलं अकोल्याच्या बाजारात न्यायचा आणि गाडी भरून झाली तरी ओसरीवरून उठायचा नाही. शकुन त्याच्या चहात साखर जास्त घालायची. भगवंत आला की दोघं गप्प. पण बहिऱ्यासमोर कोण कशाला गप्प राहील?

बोलायचे काय, तर फुलांचा भाव, डिझेल, मनोजच्या आईचे गुडघे. भगवंतचा संशय काही जाईना. आज नाही तर उद्या बोलतील, असं म्हणत त्याने सोंग ओढत नेलं. शेवटी शकुननेच त्याला कानाला मशीन बसवायला अकोल्याला आणलं.

ओठ दिसू नयेत म्हणून दीक्षाने तोंडापुढे पुठ्ठा धरला. "खिडकी."

"सायकल," भगवंत म्हणाला.

"चादर."

"काई समजलं नाई, बाई."

आवाज वाढवला तरी तेच. दीक्षा म्हणाली, "काहींना घरच्या माणसाचा आवाज बरा कळतो. काकू, तुम्ही बसा. घरातले शब्द बोला. मी दुसरा हेडफोन आणते."

शकुनने पुठ्ठा तोंडापुढे धरला. "कपाट. पातेलं."

दीक्षाच्या मागे दार लागलं. शकुनचा आवाज तसाच सपाट राहिला.

"पयल्याच आठवड्यात कुकरच्या शिट्टीले उठून तुमी गॅस बंद केला. तवाच मले समजलं. म्हनून तर आमी तुमच्यासमोर फुलाचे भाव बोलून राहिलो होतो. मनोज खाली गाडी घेऊन उभा हाय. मी त्याच्यासंग बडनेऱ्याले चालली. वापस येत नाई. थांबवायचं असन, त हात वर करा."

दार उघडलं. दीक्षाने काचेतून आत पाहिलं. "काय काकू, ऐकू येतंय का त्यांना काही?"

भगवंतने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.