आरोपीचं वकीलपत्र

लग्नाला नकार दिला म्हणून गावातल्याच शिवशंकरने तनुजाला एसटी स्टँडवर भरदिवसा कोयत्याने तोडलं. त्याचं वकीलपत्र घ्यायला एकही वकील तयार होईना. तेव्हा तनुजाची आई रुक्मिणबाई रेणापूरहून लातूरला आली आणि तरुण वकील पुनमच्या दारात बसली. "त्याच्याकडून तुम्ही उभ्या ऱ्हावा." "मावशी, तुमच्या लेकीला मारणाऱ्याकडून?" "हाव. बिगरवकिलाचा खटला वरच्या कोर्टात उलटतो, असं लोक म्हणत्यात. त्यो सुटून गावात फिरलेला मला बघायचा न्हाई." आरोपीची बाजू कोण मांडणार, असं कोर्टाने विचारलं, तेव्हा पुनम उभी राहिली. रुक्मिणबाईच्या उलटतपासणीत "तुमची मुलगी त्याच्याशी फोनवर बोलायची का?" एवढं विचारून पुनमने हातातले कागद खाली ठेवले. पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरून, आरोपीकडे बघत रुक्मिणबाई म्हणाली, "बोलायची. थांबू नका, बाई. तिच्याबद्दल वंगाळ काय असंल ते समदं इचारा. इचारायचं राहिलं म्हणून ह्याला वाट सापडाय नगं." पुनमने सगळं विचारलं. रुक्मिणबाईने एकेक उत्तर दिलं आणि बाहेर येऊन नळाखाली तोंड धरून रडली. जन्मठेप झाली. हायकोर्टात नव्या वकिलाने, खालच्या कोर्टात नीट बचाव झाला नाही, असं सांगून बघितलं. उलटतपासणीत सगळं विचारलेलं आहे, म्हणत कोर्टाने अपील फेटाळलं. पुनमने फोनवर हे कळवलं, तेव्हा रुक्मिणबाईने विचारलं, "आता त्याला कुठं जाता येतंय?" "सुप्रीम कोर्टात." "तिथं बी त्याला चांगला वकील मिळू द्या."