बसायचा हक्क

सातवा महिना लागलेली रेश्मा साड्यांच्या ढिगाला टेकून मटकन फरशीवर बसली, तसे गल्ल्यावरून शेठजी ओरडले, "ए पोरी, ऊठ!"

सोलापुरातल्या त्या दुकानात गिऱ्हाईक नसलं तरी विक्रीवरच्या बायकांनी दिवसभर उभंच राहायचं, असा दंडक होता. तिथेच विक्रीला असलेल्या पद्मिनीचे पाय संध्याकाळपर्यंत सुजून चपलेत मावत नसत. कामकरी बायकांच्या संघटनेच्या विमलताई स्टुलांची मागणी घेऊन दोनदा येऊन गेल्या होत्या. शेठजींनी त्यांना हसून वाटेला लावलं होतं. "बसलेली बाई बघितली की गिऱ्हाईक फिरतं, ताई!"

रेश्मा धडपडत उठू लागली. पद्मिनीने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला थांबवलं आणि स्वतःच शेजारी मांडी घातली. यात नोकरी जाऊ शकते, हे तिला ठाऊक होतं. पण बाकीच्या बायकाही एकेक करत खाली बसल्या.

शेठजी तावातावाने पुढे आले.

"गिऱ्हाईक आलं की उठू, शेठ," पद्मिनी म्हणाली. "तुम्ही ओरडलात म्हणून नाही."

सगळ्यांना एकदम काढणं शेठजींना परवडणारं नव्हतं. स्टुलं किती लागतील, हे विचारायला त्यांनी अखेर विमलताईंना फोन लावला, तेव्हा सगळ्या दुकानात एकटे तेच उभे होते.