तीन नंबरची पट्टी

उन्हाच्या क्रीममधली रसायनं कातडीला बाधतात का, हे तपासायचं संयोगिताचं काम. कोल्हापूरच्या तिच्या लॅबला रसायन लावलेल्या पट्ट्या हातावर लावून घ्यायला माणसं मिळेनात, तेव्हा तिच्या सासूबाई तानाबाईच पुढं सरसावल्या. "माझ्या हाताला लाव की. रानात रापलेलं कातडं हाय, काय हुतंय त्याला?"

नंबर टाकून चार पट्ट्या चिकटवल्या. कुठल्या पट्टीखाली काय आहे, ते संयोगितालाही शेवटीच कळणार होतं.

दुसऱ्याच दिवशी तानाबाई कुरकुरल्या, "तीन नंबर लई खाजतंय गं. बघ की जरा."

खाज खरी निघाली तर संयोगिताची वर्षभराची मेहनत वाया. मग ती रोज कामावरून आली की आधी सासूचा हात मांडीवर घ्यायची, पट्टीभोवती बोटानं हळूच चाचपायची. ना लाली, ना पुरळ. तेवढ्यात तानाबाई म्हशीच्या रुसव्यापासून शेजारणीच्या भांडणापर्यंत सगळं सांगून घ्यायच्या. हात सोडला, की पुन्हा खाज!

पट्ट्या काढायच्या दिवशी लॅबनं उलगडा केला. तीन नंबरला नुसतं पाणी होतं.

संयोगिता हसतच घरी आली आणि तिनं चारही पट्ट्या काढल्या. तानाबाई हिरमुसल्या. "झालं व्हय? आता न्हाय बघायचं?"

संयोगितानं नवी पट्टी कापली, तांब्यातल्या पाण्यात बुडवली आणि त्याच जागेवर चिकटवली.

"बाकीच्या झाल्या, आत्ती. तीन नंबरचं मातूर रोज बघायला लागंल."