न लागलेला दगड

बायको गेली त्या दिवशी आमच्या पक्षाचा मोर्चा होता. सकाळी राजापेठेतल्या फुलांच्या दुकानात हार ओवताना ती माझ्या खांद्यावर कलंडली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. दुपारी मोर्चावर दगडफेक झाली, चारला चौकात तिचा फ्लेक्स लागला: ‘विरोधकांच्या दगडाचा बळी’. फोटो आमच्या लग्नातला, मला कापून काढलेला. पक्षाचा ओमप्रकाश तिरडी बांधत होता. त्याला म्हटलं, “तिले दगड लागलाच नाई, भाऊ.” तो गाठ मारत म्हणाला, “साऱ्यायले माहीत हाय. पन असं तर थे विरोधक बी म्हनतात. तू कोनाचा हायेस?” तिरडीला आणखी तीन खांदे हवे होते. मी दोरीचं दुसरं टोक धरलं. आज वर्षश्राद्धाला नव्या फ्लेक्सला मीच हार घातला. अकोल्यात शिकणारी मुलगी माईकवर आईच्या खुन्यांना शिक्षा मागत होती. तिला मी अजून खरं सांगितलेलं नाही.