पट्टीवरची खाच

नवऱ्याच्या खोकल्याच्या औषधाची बाटली तडकली, म्हणून नंदाखाल गावच्या अनसूयाने औषध तेलाच्या रुंद बाटलीत ओतलं आणि एका खाचेला एक मात्रा दाखवणारी कागदी पट्टी सोडवून तिच्यावर चिकटवली. दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या गुरुजींकडे आली.

“आठ मात्रांचं औषध चारच खाचा कसं भरलं?”

गुरुजींनी तांब्यातलं पाणी परातीत ओतलं. “पाणी तेवढंच ना, पोरी? मग उंची का उतरली?”

“परात रुंद आहे.” ती थबकली. “म्हणजे एका खाचेला मी दोन मात्रा पाजल्या? कालपासून हे खोकले नाहीत, नुसते झोपलेत. महिनाभराच्या जागरणानंतर माझाही डोळा लागला.”

गुरुजी तिच्या घरी धावले. “काशिनाथ, ऊठ!”

चौथ्या हाकेला खोकल्याची उबळ आली.

अनसूया उंबऱ्यावरच बसली. “खोका हो,” ती म्हणाली, “खुशाल खोका. मी जागी आहे.”